पळणारा एक, पळवणारे दोघं

नमस्कार ताई,

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. राहायला विजापूर रोडच्या बाजूला. थोरला मुलगा तेरा वर्षांचा, आठवीत, पळण्यात हुशार. यंदा मनपाच्या शालेय स्पर्धेत १४ वर्षांखालील ६०० मीटरला चौथा आला, पुढं निवड झाली नाही. वर्गात उंचीनं लहान आहे, पण जिद्द आहे.

शाळेतले पीटीचे सर चांगले आहेत असं सगळे म्हणतात. मला मात्र त्यांची पद्धत पटत नाही. आठवड्यातनं तीनच दिवस बोलावतात. त्यातही अर्धा वेळ खो-खो, लंगडी, दोरीच्या उड्या, शिवाशिवी. सलग पळणं म्हणाल तर वीस मिनिटं. मेमध्ये तर सकाळी सातनंतर मैदानावर कुणाला थांबू दिलं नाही. अशानं स्टॅमिना कधी वाढणार? म्हणून जूनपासून मी स्वतः त्याला पहाटे साडेचारला उठवतो आणि विजापूर रोडला रोज आठ किलोमीटर पळवतो, मी मोटारसायकलवर मागं. आठ किलोमीटर तो पन्नास मिनिटांत काढतो. रविवारी बारा. रात्री ट्यूशन आणि अभ्यास उरकून साडेदहाला झोपतो. माझ्या वेळच्या पोलिस भरतीत मी ५ किलोमीटरला थोडक्यात गेलो, त्यामुळं कमी पडलं की काय होतं ते मला ठाऊक आहे. अविनाश साबळे लहानपणी शाळेला पळत जायचे म्हणतात, मग माझ्या पोरानं आठ केले तर काय बिघडलं?

हे सरांना कळल्यावर त्यांनी सगळ्या पोरांसमोर त्याला विचारलं, "तुझा कोच मी, का तुझा बाप?" दोन्हीकडं पळणार असशील तर पुढच्या वर्षी नाव पाठवणार नाही, असंही म्हणाले. पोरगं त्या रात्री जेवलं नाही. मी हेडमास्तरांकडं तक्रार करणार आहे. शाळाच बदलावी का, तेही सांगा.

आणखी एक. हल्ली सकाळी उठला की टाच दुखते म्हणतो, थोडा लंगडतो, पळायला लागला की मोकळं होतं. आम्ही तेल लावतो. कुठली पावडर सुरू करावी का?

— एक वडील, सोलापूर

---

दादा, पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही शेवटी, पावडरीच्या आधी घाईत लिहून टाकलंय. टाचेचं. सर, हेडमास्तर, शाळा हे सगळं थोडं थांबू शकतं, म्हणून आधी तेच घेते.

वाढत्या वयातल्या, पळणाऱ्या पोरांची टाच दुखणं डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीचं आहे. साधारण आठ ते चौदा या वयात टाचेच्या हाडाच्या मागच्या टोकाला वाढीचा एक पट्टा असतो. तो कुर्चेचा, म्हणजे हाडापेक्षा मऊ. पोटरीचा जाड स्नायुबंध नेमका तिथंच येऊन चिकटतो. उंची वाढायला लागली की हाड आधी लांबतं, पोटरी मागनं येते. तोवर ती ताठलेली राहते आणि प्रत्येक पावलाला त्या मऊ जागेला हिसका देते. डॉक्टर याला ‘सीव्हर्स’ म्हणतात. गुडघ्याच्या वाटीखाली असंच दुखलं तर त्याला ‘ऑसगुड-श्लॅटर’. नावं लक्षात ठेवायची गरज नाही. वाढ आणि अतिपळणं एकत्र आलं की या जागा कुरकुरतात, एवढं ध्यानात असू द्या.

घरी एक पाहून घ्या. त्याला पालथं झोपवा. टाचेच्या अगदी मागच्या भागाच्या दोन्ही कडा अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरा आणि दाबा. तळव्याच्या मधोमध दाबू नका. दोन्ही बाजूंनी दाबल्यावर पाय झटकन ओढून घेतला, तर दुखणं बहुधा तिथलंच आहे. चालताना टाच टेकायची टाळून चवड्यावर चालतो का, तेही बघा. पण हे पाहणं तुमच्या माहितीसाठी. दाखवायचं हाडांच्या डॉक्टरांनाच, आणि त्यांना "रोज आठ, रविवारी बारा" हे आकडे न लपवता सांगायचे. बरेच पालक तिथं जाऊन "थोडं पळतो" म्हणतात आणि डॉक्टर बिचारे बुटांवर संशय घेत बसतात.

"पळायला लागला की मोकळं होतं" यावर भरवसा ठेवू नका. अंग तापलं की दुखणं दबतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या चार पावलांत परत डोकं वर काढतं. दिलासा एवढाच की हा प्रकार बहुतेक मुलांत पूर्ण बरा होतो. काही आठवडे पळणं कमी किंवा बंद, बुटात टाचेखाली मऊ गादी, पोटरीला रोजचा हलका ताण, दुखलं तर बर्फ. पंधराच्या आसपास तो पट्टा हाडाशी जुळून गेला की विषयच संपतो. तेलानं नुकसान नाही. पण संध्याकाळी तेल चोळायचं आणि पहाटे त्याच टाचेवर आठ किलोमीटर काढायचे, याला उपचार म्हणत नाहीत. दुखणं हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखवता येत असेल, सूज असेल, रात्री झोपेतनं जाग येत असेल किंवा बसल्या जागीही ठणकत असेल, तर मग दिवस मोजू नका, त्याच दिवशी जा.

आता तुमच्या आणि सरांच्या भांडणाकडं येते. पळवण्याच्या बाबतीत सर बरोबर आहेत. बोलण्याच्या बाबतीत चुकलेत. ही दोन खाती वेगळी ठेवा, कारण तुम्ही दुसऱ्याचा राग पहिल्यावर काढताय.

तुमचेच आकडे घेऊ. आठ किलोमीटर पन्नास मिनिटांत, म्हणजे एका किलोमीटरला सव्वासहा मिनिटं. या चालीनं ६०० मीटरला पावणेचार मिनिटं लागतील. त्या वयाचा चांगला पळणारा मुलगा ६०० मीटर पावणेदोन मिनिटांच्या आगेमागे संपवतो. म्हणजे शर्यतीत लागणाऱ्या वेगाच्या निम्म्याहून कमी वेगानं पळायची सवय तुम्ही त्याला रोज पहाटे लावताय, तीही झोपेतून उठून, ताठलेल्या पोटऱ्यांनी, डांबरावर. पाय जे रोज करतात तेच शिकतात. मैदानावरचा दीड फेरा पळायला लागते ती चपळाई, लांब आणि हलकं पाऊल, वळणावर तोल, शेवटच्या शंभर मीटरला हात चालवायची ताकद. शालेय स्पर्धांत १४ वर्षांखालच्या गटात धावण्याची सगळ्यात लांब शर्यत ६०० मीटरचीच असते. ८००, १५००, ३००० हे सगळं १७ वर्षांखालच्या गटात येतं. ज्यांनी गट पाडले त्यांनी पोरांचं वय बघूनच अंतर ठरवलंय. तुमचा मुलगा आठवड्याला साठ किलोमीटर पळतोय. मॅरेथॉनची तयारी करणारी बरीच मोठी माणसंसुद्धा एवढं पळत नाहीत, आणि ४२ किलोमीटरच्या मॅरेथॉनला आपल्याकडं १८ पूर्ण झाल्याशिवाय उभंच करत नाहीत.

सरांची शिवाशिवी तुम्हाला पोरखेळ वाटली. खो-खोत एक पाळी जरा नीट बघा. खुंटाजवळ वळताना पोरगं गुडघ्यात वाकतं, बाहेरच्या पायावर वजन टाकतं, दोन पावलांत परत पूर्ण वेगात येतं. मग पाठीवर ‘खो’ मिळताच उठून दिशा घेतं. हे दहा-बारा वेळा, मध्ये श्वास घ्यायला थोडी उसंत. याला तुम्ही खेळ म्हणा, मी त्याला वेगाचा सराव म्हणेन, आणि वर पोरं हसत करतात हा फायदा वेगळा. दोरीच्या उड्यांनी घोटे आणि पोटऱ्या बळकट होतात. लंगडीनं एका पायावरचा तोल येतो, आणि पळणं म्हणजे शेवटी एकामागून एक एका पायावरच पडणं आहे. बारा-तेराच्या वयात शरीर या गोष्टी जशा उचलतं तशा पुढं उचलत नाही. दम सतराव्या-अठराव्या वर्षीही वाढवता येतो.

हां, खेळाच्या नावाखाली नुसती शिट्टी वाजवून झाडाखाली बसणारे सरही मी पाहिलेत. तुमचे तसे आहेत की नाहीत ते ओळखायचा सोपा मार्ग आहे: ते पोरांच्या वेळा लिहून ठेवतात का, ते बघा. महिन्यातून एकदा शंभर मीटर, एकदा सहाशे, वहीत तारखेसह. लिहीत असतील तर माणूस काम करतोय. नसतील, तर तुमच्या तक्रारीत तेवढा दम आहे आणि ती त्यांच्यापुढं मांडायला हरकत नाही.

आता चौथ्या नंबराचं. तो सराव कमी पडल्यामुळं आला, असं तुम्ही धरून चाललात. नेहरूनगरच्या मैदानावर १४ वर्षांखालची पोरं रांगेत उभी राहिलेली तुम्ही पाहिली असतील. एकाला मिसरूड फुटलेलं असतं, आवाज घोगरा, मांड्या भरलेल्या. त्याच्या शेजारी त्याच्या खांद्याला लागणारं पोर. दोघांचा जन्मदाखला एकाच वर्षाचा. पुढच्या तिघांची उंची तुम्ही बघितली होती का? तुम्हीच लिहिलंय की मुलगा वर्गात उंचीनं लहान आहे. म्हणजे त्याची वाढ अजून यायचीय किंवा आत्ता कुठं सुरू झालीय. मुलांच्या वाढीचा जोर साधारण चौदाच्या आसपास येतो, आणि त्या वर्षी नऊ-दहा सेंटिमीटर उंची वाढणं नवलाचं नाही. लवकर वाढलेली पोरं या गटात जिंकतात आणि सतराच्या गटापर्यंत बाकीची त्यांना गाठतात. लहान चणीचं पोर चौथं येतंय, ही मला चांगली खूण वाटते. आत्ता त्याच्यावर मोठ्या माणसाचा भार टाकला, तर वाढीच्या त्या एक-दीड वर्षातच तो दुखापतीत अडकेल. नेमका त्याचा काळ यायच्या वेळी तो कट्ट्यावर बसलेला असेल.

साबळ्यांचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं, कारण ते तुमच्या विरुद्ध जातं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा मुलगा शाळेला पायी, पळत जायचा हे खरं. पण त्या पळण्याला घड्याळ नव्हतं, मागं मोटारसायकल नव्हती. शाळेला जाणारं पोर मध्ये थांबतं, चिंचा पाडतं, मित्राची वाट बघतं. बारावीनंतर ते फौजेत गेले, महार रेजिमेंटमध्ये, सियाचीनलाही राहून आले. स्पर्धेचं पळणं त्यांनी २०१५ च्या सुमाराला, विशीत पोचल्यावर सुरू केलं आणि स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत पळायची ३००० मीटरची शर्यत, त्याच्याही नंतर. मग २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य, २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकची अंतिम फेरी. तेराव्या वर्षी ते कुठल्या शर्यतीत कितवे येत होते, हे कुणी विचारतसुद्धा नाही.

उन्हाचं आणि भरतीचं एकत्रच सांगते. मेमध्ये आपल्याकडं पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो, सकाळी आठलाच मैदानाची माती तापते. सातला मैदान रिकामं करणाऱ्या माणसाचे खरं तर आभार मानायला हवेत. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलिस भरतीच्या वेळी ५ किलोमीटर पळताना तरणीताठी पोरं कोसळली, काही दगावली. त्यानंतर भरतीचं ते अंतर कमी करण्यात आलं. आज शिपाई भरतीत पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावं लागतं. दादा, तुम्ही ज्या ५ किलोमीटरला गेलात ती चाचणी आता शिपाई भरतीत शिल्लक नाही. तुम्ही पोराला तिच्यासाठी तयार करताय. थोडक्यात हुकलेल्या गोष्टीचा सल माणसाला वीस वर्षं सोडत नाही, हे मला कळतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण तो सल तुमचा आहे आणि पहाटे साडेचारला तो उचलून घेऊन पळतोय दुसराच.

शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, तो विचारही तुमच्या मनात असणार. असू द्या, चांगला आहे. फक्त त्याचा उपयोग व्हायला पोरगं अठराव्या-विसाव्या वर्षी पळत असलं पाहिजे. तेराव्या वर्षी आठवड्याला साठ किलोमीटर करून, सतराव्या वर्षी "मला बुटांकडं बघवत नाही" म्हणून खेळ सोडलेली पोरं मला माहीत आहेत.

रस्त्याबद्दल थोडकंच बोलते, पण मला हाडांपेक्षा याचीच धास्ती जास्त वाटते. साडेचारला विजापूर रोड म्हणजे अंधार, वर राष्ट्रीय महामार्गाची अवजड वाहतूक. कारखाने सुरू झाले की मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या. मोटारसायकलचा लाल दिवा मागनं येणाऱ्याला दिसेल. समोरनं ओव्हरटेक करत येणाऱ्याला अंधारातलं पोरगं दिसणार नाही. हे उद्यापासनं बंद. यावर माझ्याशी वाद घालू नका.

झोपेचाही हिशेब करा. साडेदहा ते साडेचार, सहा तास. या वयाला आठ ते दहा तास लागतात. शरीर वाढतं आणि सरावानं झालेली झीज भरून येते ती झोपेतच. तुम्ही त्याची दोन-तीन तास झोप कापून त्या वेळात झीज वाढवताय. शिवाय पत्रात सुट्टीचा एकही दिवस सापडला नाही, रविवार तर सगळ्यात जड. वाढत्या खेळाडूंना आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण मोकळे आणि वर्षात मिळून दोन-तीन महिने त्या एका खेळापासून लांब ठेवावं, असं क्रीडावैद्यकातले डॉक्टर सांगतात. लांब म्हणजे मोबाइल घेऊन पडणं नव्हे. पोहायला जाऊ दे, क्रिकेट खेळू दे, सायकल मारू दे.

पावडर नको. जिमशेजारच्या दुकानातली तर अजिबात नको, डब्यात काय आहे ते दुकानदारालाही माहीत नसतं. तुमच्या घरात ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, मटकीची उसळ, दूध, केळी आणि चालत असतील तर अंडी आहेत ना? पोटभर द्या. सकाळी पळून आल्यावर चहा-खारीवर शाळेत पाठवू नका, एवढंच.

आता सरांचं चुकलं ते. बाप काय करतो याचा जाब पोराला विचारायचा नसतो, आणि सगळ्यांसमोर तर नाहीच. नाव न पाठवायची धमकीही मुलाला देणं गैर, कारण साडेचारला तो स्वतःहून उठत नव्हता. त्यांनी तुम्हाला बोलावून सांगायला हवं होतं. एका पोराला दोन माणसं आपापल्या हिशेबानं पळवायला लागली की दोघांनाही त्याचा एकूण भार कळत नाही, ही त्यांची अडचण खरी आहे. आपण इथं वेग वाढवतोय आणि पोरगं मेलेल्या पायांनी का येतंय, हे त्यांना जूनपासून कोडं पडलं असेल. कळल्यावर संताप आला. तो चुकीच्या माणसावर निघाला. हे तुम्ही त्यांना सांगितलंच पाहिजे, फक्त हेडमास्तरांच्या केबिनमधून सांगू नका. तक्रार वर गेली की सर स्वतःच्या बचावाला लागतील, आणि मैदानावर रोज त्यांच्यासमोर उभं राहायचंय तुमच्या पोराला. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर एक अक्षर टाकू नका.

फोन करून वेळ मागा. सराव संपल्यावर, पोरं गेल्यावर भेटा. मुलाला सोबत नेऊ नका. बोलायचं साधारण असं: "सर, पहाटेचं पळवणं मी बंद केलंय. त्याची टाच दुखतीय, डॉक्टरांना दाखवलं, ते असं असं म्हणाले. तुम्ही वर्षभरात त्याच्याकडनं काय करून घेणार, ते मला समजून घ्यायचंय. आणि एक सांगतो, पळवलं मी, पण बोलणी त्याला बसली. पोरांसमोर माझं नाव काढलंत ते त्याला लागलंय. पुढच्या वेळी मला बोलवा, मी येईन." एवढ्यावर थांबा. ते गप्प बसले तर बसू द्या. बहुतेक सर इथं मऊ येतात, कारण "माझंही थोडं चुकलं" असं म्हणणारा पालक त्यांना वर्षाकाठी एखादाच भेटतो.

मग विचारा: त्याच्या वेळा वहीत आहेत का, मला दाखवाल का? सुट्टीच्या दिवशी त्यानं घरी काय करावं, काय करू नये? ८०० आणि १५०० कडं त्याला कधी न्यायचा विचार आहे? दुखलं तर त्यानं कुणाला सांगायचं? हा शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारा. पोरं सरांना घाबरून आणि बापाला घाबरून दुखणं लपवतात. टाचेचं सरांना माहीत होतं का? माझा अंदाज, नाही.

हे वाचणाऱ्या काही घरांत परिस्थिती उलटी असेल, त्यांच्यासाठी दोन ओळी. सरच जर पोरांना ओकारी येईपर्यंत पळवत असतील, उशीर झाला म्हणून उन्हात दहा राउंड लावत असतील, मुलींना सगळ्यांसमोर वजनावरून बोलत असतील, तर एकदा स्पष्ट बोला आणि फरक पडला नाही तर लेखी द्या. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नं शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. तो कायदा मैदानाच्या फाटकाशी संपत नाही. आणि पळणाऱ्या मुलीची पाळी सुरू होऊन मग तीन महिने चुकली, किंवा पंधरा पूर्ण होऊनही आलीच नाही, तर "खेळाडूंचं असंच असतं" म्हणून गप्प बसू नका, डॉक्टरांकडं न्या. तुमच्या सरांच्या बाबतीत मात्र यातलं काहीच नाही. म्हणून शाळा बदलायचं डोक्यातनं काढा. वाढत्या पोरांना सातला घरी पाठवणारा, तीन दिवसांवर थांबणारा पीटीचा सर सहज मिळत नाही.

एक गोष्ट तुमच्या पत्रात शोधूनही सापडली नाही. मुलाला काय वाटतं? त्याला ६०० आवडतं का, खो-खो जास्त आवडतो का, का त्याला लांब उडी मारून बघायचीय? "जिद्द आहे" असं तुम्ही लिहिलंत, ती कशाबद्दल आहे ते त्याच्या तोंडून ऐका. त्याला समोर बसवून विचारलंत तर "तुम्ही म्हणाल ते" म्हणेल. गाडीवर मागं बसलेला असताना, तुमचा चेहरा दिसत नसताना विचारा, मग पोरं खरं बोलतात. आणि त्यानं काही वेगळं सांगितलं तर त्याच क्षणी समजवायला लागू नका.

पहाटेची सवय तुम्हाला लागलीच आहे, तर ती मोडू नका. गाडी घरी ठेवा आणि उजाडल्यावर कंबर तलावाकडं स्वतः पळायला जा. आधी बीपी-शुगर तपासून घ्या, पहिला महिना दोन मिनिटं पळा, दोन मिनिटं चाला. तुमचे पाच किलोमीटर तुम्ही आजही काढू शकता, त्याला भरतीची वयोमर्यादा नाही. पोरगं एखाद्या रविवारी सोबत आलं तर येऊ दे, तुमच्या चालीनं, गप्पा मारत. कंटाळून मध्येच बसलं तर बसू दे.

सरांची भेट पुढच्या आठवड्यात झाली तरी चालेल. नावं पाठवायला अजून वेळ आहे आणि प्रवेशिका शेवटी शाळेकडूनच जातात, त्यामुळं तो दरवाजा बंद झालेला नाही. डॉक्टरांकडं मात्र याच आठवड्यात जा, आणि तोवर पहाटेचा गजर बंद करून ठेवा.